जावा, बुलेट, आरएक्स: भाव टिकायचा तर काय करावं, काय टाळावं

जुनी मोटरसायकल शोधणारा माणूस बहुतेक वेळा एकच गाडी शोधत असतो: कॉलेजच्या वयात जी हवीहवीशी होती आणि परवडली नाही ती. चाळिशी-पन्नाशीत घराचे हप्ते संपत येतात, मुलं मार्गाला लागतात आणि राहून गेलेली हौस वर येते. म्हणून मॉडेल रस्त्यावर आल्यावर साधारण पंचवीस-तीस वर्षांनी त्याचा भाव चढू लागतो आणि त्या पिढीचे गुडघे शाबूत असेपर्यंत चढा राहतो. ही पिढी थकली, की गाडीला गिऱ्हाईक कोण?

हिशोब मांडून बघा. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा बाहेर पडू लागल्या. त्या वर्षी अठरा वर्षांचा असलेला मुलगा आज ऐंशी ओलांडून गेला आहे. यामाहा आरएक्स १०० आली १९८५ साली. तिच्यामागे वेडावलेला तेव्हाचा कॉलेजकुमार साठीच्या उंबरठ्यावर आहे. २००१ ची पल्सर आणि २००३ ची करिझ्मा बघत मोठी झालेली मुलं आज चाळिशीत आहेत, म्हणजे नेमकी खरेदीच्या वयात.

यात मोटरसायकलची एक जास्तीची अडचण आहे. ऐंशीच्या आजोबांना जुनी फियाट सावकाश चालवता येते. जुन्या बुलेटला मात्र अँमीटरचा काटा मध्यावर आणून, डीकॉम्प्रेसरची खिट्टी दाबून, किक जरा पुढे सरकवून मग अंगाचा सगळा भार टाकावा लागतो, आणि सिग्नलला पावणेदोनशे किलोंच्या आसपासचं वजन दोन पायांवर तोलावं लागतं. त्यामुळे मोटरसायकल मालकाच्या हातून मोटारीपेक्षा आधी सुटते. अमेरिकेत हे आकड्यांत दिसतं. तिथल्या मोटरसायकल इंडस्ट्री कौन्सिलच्या पाहणीत गाडीमालकांचं मध्यम वय १९९० साली ३२ होतं, ते २०१८ पर्यंत ५० वर गेलं. आपल्याकडे चित्र वेगळं आहे. इथे कामाला जाणारी कोट्यवधी तरुण माणसं रोज दुचाकीवर बसतात, त्यामुळे आवड रुजायला जमीन तयार आहे. तिची मशागत करायची की नाही हे आजच्या मालकांच्या हाती आहे.

माझं मत स्पष्ट आहे. पुढच्या वीस वर्षांत भाव टिकेल तो ज्या गाडीचे कागद सरळ आहेत, जिचे भाग मिळतात, जिला हात लावणारा मेकॅनिक आहे आणि जी तिशीच्या आतल्या कुणाला तरी चालवावीशी वाटते, तिचाच. बाकीच्या गाड्या हॉटेलांच्या दारात शोभेला उभ्या राहतील.

ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांनी

करावं: आधी कागद जिवंत करा, रंगकाम नंतर. खासगी दुचाकीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण करावं लागतं, पर्यावरण कर भरावा लागतो. कित्येक जुन्या गाड्यांचं हे काम वर्षानुवर्षं राहून गेलेलं असतं. आरसी पुस्तक फाटलेलं असतं, नोंद संगणकावर चढलेली नसते, कधी गाडी अजून आधीच्या मालकाच्याच नावावर असते. हा गुंता सोडवू शकेल असा माणूस घरात एकच असतो: ज्याने गाडी घेतली तो. ती कुणाकडून घेतली, कुठल्या आरटीओची आहे, एनओसी कुठल्या फाईलमध्ये आहे हे त्यालाच ठाऊक असतं. त्याच्या माघारी मुलांना यातलं काही उलगडत नाही आणि मग चांगली गाडी सुट्या भागांच्या भावाने जाते. इंजिन पुन्हा बांधता येतं, टाकी पुन्हा रंगवता येते, पण हरवलेला मालकी-इतिहास कुठल्याही गॅरेजमध्ये तयार होत नाही.

करावं: आरसीत वारसाचं नाव नोंदवा. २०२१ च्या नियमबदलापासून गाडीमालकाला नोंदणी प्रमाणपत्रात नामनिर्देशित व्यक्ती नोंदवता येते. बँकेच्या खात्याला आपण हे न चुकता करतो, गाडीला करत नाही.

टाळावं: ५० वर्षं झाली म्हणून डोळे झाकून ‘विंटेज’ नोंदणी करणं. जुलै २०२१ मध्ये केंद्राने यासाठी वेगळे नियम केले. ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार नसलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. मात्र अशी गाडी रस्त्यावर काढता येते ती रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच. ज्यांना रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याला जाऊन यायचं आहे त्यांनी नेहमीची नोंदणी जपणं शहाणपणाचं. विंटेज नोंदणी त्यांच्या कामाची, ज्यांची गाडी मुख्यतः प्रदर्शनाची आहे. आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर राखण्याची मुभा या नियमांत आहे, ती सोडू नये. एमएच-१२, एमएच-०९ या पद्धतीच्या आधीचा तीन अक्षरी नंबर हा गाडीच्या वयाचा सगळ्यांना दिसणारा पुरावा असतो.

करावं: हाताने रंगवलेली जुनी नंबरप्लेट सांभाळून ठेवा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा पाटी सक्तीची आहे. ती लावाच. काढलेली पाटी मात्र कागदात गुंडाळून गाडीच्या सामानात ठेवा.

टाळावं: काचेसारखं चकचकीत ‘रिस्टोरेशन’. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलमधल्या बॉडमिनजवळ काही ब्रफ सुपिरिअर गाड्या ५० वर्षांहून जास्त काळ कोठारांत पडून होत्या. गंजलेल्या, अर्धवट उघडलेल्या, काही तर नुसत्या सांगाड्याच्या अवस्थेत. २०१६ मध्ये बोनहॅम्सने त्या आठ गाड्या लिलावात काढल्या आणि साडेसात लाख पौंडांहून जास्त रक्कम आली. त्यातली चार सिलिंडरची बीएस-४ एकटी ३,३१,९०० पौंडांना गेली. कुणी त्यांना आधी रंग फासला असता तर मूळ काय होतं हे सांगणारा पुरावाच पुसला गेला असता. आपल्याकडे उलटी घाई असते. जावाच्या टाकीवरचा मूळ मरून रंग थोडा उडाला की सगळी टाकी घासून काढायची, बाजूच्या हस्तिदंती पट्ट्यावरची रेघ स्टिकरची लावायची, चेसिसवर पावडर कोटिंगचा इतका जाड थर द्यायचा की पंच केलेला नंबर वाचता येऊ नये. हे शेवटचं तर घातकच. नंबर वाचता आला नाही तर आरटीओत गाडी अडते आणि खरेदीदाराच्या मनात संशय शिरतो. मूळ रंग साठ टक्के उरला असेल तर तसाच ठेवा, पॉलिश करा, गंज थांबवा. पुरता गेला असेल तरच रंगवा आणि रंगवण्यापूर्वी चारी बाजूंनी फोटो काढा.

करावं: काढलेला प्रत्येक भाग डब्यात ठेवा. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, चेक बनावटीच्या जिकोव्ह कार्ब्युरेटरच्या जागी दुसरा बसवला, सहा व्होल्टचं बारा व्होल्ट केलं, गुडघ्यांसाठी बुलेटला सेल्फ लावला, तर बिघडत नाही. गाडी चालायला हवी. फक्त जुना भाग भंगारात देऊ नका. डब्यावर नाव लिहा. पुढचा मालक हवं तर परत मूळ रूपात नेईल.

करावं: गाडी चालती ठेवा आणि पेट्रोलकडे लक्ष द्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल ओलावा ओढून घेतं, जुन्या रबरी नळ्या आणि सील फुगवतं, महिनोन्‌महिने टाकीत राहिलं तर आतून गंज चढवतं. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला. पावसाळ्यात गाडी चार महिने उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करा. कोकणात आणि गोव्यात हे दुप्पट काळजीने करावं, कारण तिथली खारी हवा क्रोमला आणि टाकीला तशीही सोडत नाही.

टाळावं: फटाका सायलेन्सर. आरएक्सला पोकळ सायलेन्सर लावून गल्ली दणाणून सोडण्याची एक फॅशन आहे. पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून त्यांवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. दंड होतो, शेजारी वैतागतात, जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांबद्दल लोकांचं मत वाईट होतं आणि उद्या नियम कडक करा म्हणणाऱ्यांच्या हाती निमित्त मिळतं. शिवाय आतल्या जाळीसकट शाबूत असलेला मूळ सायलेन्सर हा त्या गाडीचा सर्वांत दुर्मीळ भाग होत चालला आहे.

करावं: गाडीची वही ठेवा. सिलिंडर कितव्यांदा बोअर झाला, पिस्टन कुठल्या साइजचा आहे, क्रँक कधी उघडला, कुठला बेअरिंग नंबर चालतो, ऑइल किती प्रमाणात मिसळायचं, कुठल्या बोल्टला उलटा आटा आहे. शंभर पानी वही पुरे. विकताना वही गाडीसोबत द्या.

करावं: मेकॅनिकला वारस मिळवून द्या. शौकिनांच्या वयाबद्दल सगळे बोलतात, कारागिरांच्या वयाबद्दल कुणी बोलत नाही. जावाचा क्रँक दाबून सरळ करणारे, कानाने पॉइंटचं टायमिंग लावणारे, बुलेटचा टॅपेट बोटांनी जोखणारे हातही साठी-सत्तरीला आले आहेत. पुण्याच्या नाना पेठेत अजून भाग मिळतात, कोल्हापूरच्या उद्यमनगरात नमुना दिला तर बुश किंवा शाफ्ट घडवून देणारे लेथवाले आहेत. पण नमुना कुठला, माप किती आणि कुठल्या धातूचं हे सांगणारा माणूस लागतोच. तो नसेल तर लाखाची गाडी दोन दिवसांत उभी राहते आणि उभ्या गाडीला भाव नसतो. म्हणून ज्यांना परवडतं त्यांनी चार-पाच जणांनी मिळून एखाद्या आयटीआयच्या मुलाचा किंवा मुलीचा वर्षभराचा पगार उचलावा आणि त्याला किंवा तिला जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली ठेवावं. मिस्त्री काम करत असताना मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवावं. आणि मजुरीत घासाघीस करू नये. हजार रुपये वाचवून आपण एका कारागिराला दुसऱ्या धंद्याकडे ढकलत असतो.

टाळावं: एकाच जातीच्या पाच-सहा गाड्या साठवणं. चार येझदी, तीन बुलेट, सगळ्या अर्धवट, सगळ्या ताडपत्रीखाली. आज त्या ठेव वाटतात. पण तुमच्या वयाच्या इतर संग्राहकांनीही तेच केलं आहे आणि ती सगळी घरं पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जवळजवळ एकदमच रिकामी होणार आहेत. माल एकदम आला की भाव बसतो. एक उत्तम गाडी ठेवा, बाकीच्या आत्ताच एकेक करून द्या, आणि शक्यतो त्या चालवणाऱ्याला द्या. आज तुम्ही घेणाऱ्यासमोर उभं राहून गाडीची सगळी हकिकत सांगू शकता. त्या हकिकतीलाही पैसे मिळतात.

जे घेणार आहेत त्यांनी

टाळावं: परदेशी लिलावाच्या बातम्या वाचून इथला भाव ठरवणं. जानेवारी २०१८ मध्ये लास व्हेगासला १९५१ ची व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग ९,२९,००० डॉलरना गेली. पण तशा गाड्या जगात तीसच्या आसपासच बनल्या, आणि ही गाडी ऑस्ट्रेलियात वेगाचा विक्रम केलेली होती. अशा गाड्या चालवण्यासाठी घेतल्या जात नाहीत. त्या चित्रांसारख्या जमवल्या जातात आणि त्यांच्या भावाचा मालकाच्या वयाशी फारसा संबंध उरत नाही. त्याच काळातल्या साध्या, कामाला जायच्या बीएसए किंवा एरियल गाड्यांना ते भाग्य नाही. आपली जावा, बुलेट, राजदूत ही सगळी या दुसऱ्या गटातली, हजारोंनी बनलेली आणि माणसांच्या रोजच्या आयुष्यातली. त्यांचा भाव त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांच्या संख्येवरच चालणार.

टाळावं: सांगितलेला भाव खरा धरणं. वीस हजारांच्या आसपास आलेल्या आरएक्सला आज लाखाच्या वर भाव सांगितला जातो. सांगणं आणि मिळणं यात अंतर आहे. ज्यांनी गेल्या वर्षभरात खरोखर विकली आहे अशा तिघा-चौघांना भेटा, व्यवहार कितीला झाला ते विचारा, मग आकडा बोला.

टाळावं: गुंतवणूक म्हणून, आणि त्यातही कर्ज काढून गाडी घेणं. एक लाख रुपये सात टक्क्यांनी पंधरा वर्षं ठेवले तर पावणेतीन लाखांच्या वर होतात. म्हणजे आज लाखाला घेतलेली गाडी पंधरा वर्षांनी पावणेतीन लाखांना गेली तरच तुमची मुद्दल बँकेच्या बरोबरीला येते. शिवाय मधली टायर, बॅटरी, विमा, नूतनीकरण, क्रोम, बोअरिंग हे सगळं वरचं. आणि पंधरा वर्षांनी जावावर जीव टाकणाऱ्यांची आजची संख्या उरलेली असेल अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. चालवण्याचा आनंद हाच या व्यवहारातला पक्का नफा. तो हवा असेल तर जरूर घ्या.

करावं: चेसिस नंबरचा ठसा आधी घ्या, चक्कर नंतर मारा. कागद नंबरावर ठेवून पेन्सिल घासा. आकडे एका रेषेत, एका खोलीचे, कंपनीच्या वळणाचे आहेत का बघा. इंजिन नंबर आरसीशी जुळवा. परिवहनच्या वाहन पोर्टलवर गाडीची नोंद आहे का, कर्जाचा बोजा किंवा काळी नोंद आहे का तपासा. आरएक्स १०० च्या सांगाड्यात आरएक्स १३५ चं इंजिन बसवलेल्या गाड्या पुष्कळ फिरतात. चालायला मजा येते, पण इंजिन नंबर आरसीत चढवलेला नसेल तर ती मूळ आरएक्स म्हणून घेऊ नका. राजदूत ३५० चं तेच. १९८३ ते १९८९ या काळात बनलेल्या या गाडीच्या हाय टॉर्क आणि लो टॉर्क अशा दोन आवृत्त्या होत्या. पहिलीला जास्त मागणी, म्हणून दुसरीला पहिलीचा साज चढवून विकलं जातं. जाणकाराला सोबत न्या.

करावं: बाहेरच्या राज्यातल्या गाडीची एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. दिल्ली परिसरात १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. स्वस्तपणा बहुतेक वेळा कागदांतून आलेला असतो.

टाळावं: नुसत्या दुर्मिळपणाला भुलणं. एनफील्ड फ्युरी ही जर्मन झुंडाप कंपनीच्या आराखड्यावरची गाडी दुर्मीळ आहे. डिझेलवर चालणाऱ्या बुलेट टॉरस कमी उरल्या आहेत. एनफील्ड एक्सप्लोररही क्वचितच दिसते. मला या तिन्हींबद्दल मनापासून आदर आहे, त्या जपणाऱ्यांबद्दल त्याहून जास्त. पण ज्या गाडीचं स्वप्न मोठ्या संख्येने कुणी पाहिलं नाही, तिला विकायच्या वेळी गिऱ्हाईक शोधावं लागतं, आणि भाग तर घेतल्या दिवसापासून शोधावे लागतात. घ्यायची तर शेवटपर्यंत आपल्याकडेच राहणार हे धरून घ्या.

करावं: पुढची लाट ओळखा. १९९९ ची हीरो होंडा सीबीझेड, पहिल्या पिढीची पल्सर, पहिली करिझ्मा, सुझुकी शोगन, कावासाकी बजाजच्या केबी मालिकेतल्या शंभर सीसी गाड्या. आज चाळिशीत असलेल्यांच्या मनात या आहेत. यांतल्या बऱ्याच अजून भंगाराच्या नाहीतर साध्या सेकंडहँड भावात मिळतात. ज्याला कमी पैशांत सुरुवात करायची आहे त्याने इकडे बघावं. मात्र या गाड्यांचं दुखणं जुन्यांहून वेगळं आहे. बुलेटचं जवळपास सगळं लोखंडाचं, ते घडवता येतं. करिझ्माचं फेअरिंग, मीटरची काच, बाजूचे प्लास्टिकचे पत्रे, मूळ स्टिकर आणि सीडीआय युनिट ही खरी अडचण. इंजिन थकलेलं चालेल, प्लास्टिक शाबूत हवं. बहुतेक लोक नेमकी उलटी निवड करतात.

तरुणांना ओढण्यासाठी

आरएक्स १०० बंद झाली १९९६ साली. त्याच वर्षी म्हैसूरच्या कारखान्यातली येझदीही थांबली. तरी आज आरएक्सच्या मागे धावणाऱ्यांत तिच्यानंतर जन्मलेली मुलं मोठ्या संख्येने आहेत, केरळपासून कोल्हापूर-सांगलीपर्यंत. त्यांनी ती शोरूममध्ये कधीच पाहिली नाही. काकाकडे पाहिली, सिनेमात पाहिली, मोबाइलवर तिचा आवाज ऐकला. म्हणजे आवड वारशाने जाऊ शकते. आरएक्सला हे जमलं त्याची कारणं साधी आहेत: शंभर किलोंच्या आसपास वजन, सोपी किक, डाव्या पायाला गिअर, बाजारात मिळणारे भाग. चालवायला वेगळं शिक्षण लागत नाही.

जुन्या बुलेटचं तसं नाही. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. जावाची किक आत वळवली की तीच गिअरची दांडी होते. आजच्या मुलाला यातलं काही आपसूक येत नाही, आणि जी गाडी चालवता येत नाही ती हवीशीही वाटत नाही. म्हणून:

करावं: शिकवा आणि किल्ली द्या. मोकळ्या मैदानात, हेल्मेट घालून, लायसन्स असलेल्या मुलामुलींना शिकवा. मुलींना वगळू नका. निम्मी पिढी बाहेर ठेवून कुठलाही छंद टिकत नाही. गाडीवर ओरखडा पडेल. पडू द्या, तो पुसता येतो.

करावं: जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले एकत्र जमतात, तिथे घरातल्या तरुणांना घेऊन जा. गाड्या रांगेत लावून फोटो काढण्यापेक्षा अर्धा तास कुणालाही किक मारून बघू द्या.

टाळावं: नव्या गाड्यांना नावं ठेवणं. २०१८ मध्ये जावा हे नाव नव्या गाड्यांवर परत आलं, २०२२ मध्ये येझदी आलं, रॉयल एनफील्डची क्लासिक तर त्याही आधीपासून गावोगावी पोचली आहे. “ही खरी नव्हेच” असं म्हणून ज्येष्ठ मंडळी या मुलांना दूर लोटतात. माझ्या मते हीच मुलं जुन्या गाडीचे उद्याचे ग्राहक आहेत. नवी जावा घेतलेल्या मुलाने टाकीवरचं नाव वाचलं आहे, त्याला मूळ गाडी दाखवण्याचं काम तेवढं उरलं आहे.

गाडी वारशाने आलेल्यांनी

टाळावं: पहिल्या महिन्यात दारात आलेल्याला गाडी देणं. दुःखाच्या घरात असे लोक फार लवकर पोचतात. “आता याचे भाग मिळत नाहीत, जागा अडवते, मी घेऊन जातो.” थांबा. बाबांच्या मोबाइलमध्ये त्यांच्या मेकॅनिकचा आणि सोबत फिरणाऱ्यांचा नंबर असेल. आधी त्यांना विचारा.

टाळावं: माळा साफ करताना खोकी भंगारात देणं. तेलकट डब्यांत ठेवलेले कार्ब्युरेटर, लेन्स, बिल्ले, चाव्या, जुनी पावती पुस्तकं यांची किंमत कधीकधी गाडीइतकी होते.

टाळावं: पुसणं, धुणं, रंगवणं. धूळ झटकून फोटो काढा, एवढं पुरे.

करावं: विमा-किंमत बोलून ठरवा. पाच वर्षांहून जुन्या गाडीची विमा-किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते. फोटो, वही आणि पावत्या दाखवल्या तर नुसत्या थर्ड पार्टीवर समाधान मानावं लागत नाही.

करावं: मुदत पाळा. मालकाच्या निधनानंतर ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवावं लागतं. तसं कळवलं असेल तर वारसाला तीन महिने गाडी वापरता येते, आणि त्या तीन महिन्यांतच फॉर्म ३१ भरून नाव बदलून घेण्यासाठी अर्ज करायचा असतो. मृत्यूचा दाखला, आरसी, विमा आणि वारस असल्याचा पुरावा एवढं सोबत लागतं. घरात जुनी गाडी असेल तर ही मुदत घरातल्या प्रत्येकाला आजच सांगून ठेवा आणि फॉर्म ३१ ची एक कोरी प्रत आरसीच्या फाईलमध्ये लावून द्या.